मोरीतला गुलाबी डाग आणि काकूंची साडी

जुलै-ऑगस्टात पुण्यात कपडे वाळत नाहीत आणि मोरीचे कोपरे कोरडे होत नाहीत. अशाच एका ओल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी मला हाक मारून त्यांच्या मोरीत नेलं आणि नळाखालच्या फरशीच्या सांध्यातला गुलाबी, बुळबुळीत ओघळ दाखवला. "घासला की जातो, चार दिवसांनी पुन्हा हजर. पाइपाचा गंज आहे का गं?"

गंज नव्हता. गंज तांबूस-तपकिरी असतो, बोटाला खरखरीत लागतो. हा साबणाच्या थरावर पोसलेला जिवंत थर होता. अशा डागामागे बऱ्याचदा सेराशिया मार्सेसेन्स नावाचा जिवाणू असतो, नाहीतर त्याच्यासारखाच दुसरा एखादा रंगीत जिवाणू. मी हे सांगितलं तेव्हा काकू जरा वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "रंग मात्र गोड आहे. अशी साडी मिळाली तर घेईन मी."

त्या सहज बोलल्या, पण हा प्रश्न खराखुरा आहे. सूक्ष्मजीवांनी केलेला रंग साडीला, आइस्क्रीमला, औषधाच्या गोळीला, माशांच्या खाद्याला चालेल का? काही ठिकाणी चालतो, आणि आपण तो पोटातही घेतो. काही ठिकाणी वर्षानुवर्षं खटपट करूनही जमत नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि शिकवता शिकवता माझं एक मत पक्कं झालं आहे. जिवाणू, बुरशी किंवा शैवाल तो रंग स्वतःसाठी कशाला तयार करतं हे आधी समजून घ्यावं. तो कारखान्यात कुठे टिकेल आणि कुठे मान टाकेल, याचा अंदाज त्यातच बांधता येतो.

आधी रंग म्हणजे काय ते बघू. रंगद्रव्याचा रेणू प्रकाशातला काही भाग शोषून घेतो आणि उरलेला परत पाठवतो. उरलेला भाग म्हणजे आपल्याला दिसणारा रंग. गाजर, टोमॅटो, आंबा यांच्यातलं कॅरोटिनॉइड कुटुंब घ्या. या रेणूंत कार्बनच्या ४० अणूंचा सांगाडा असतो आणि त्यात एकाआड एक दुहेरी बंधांची ओळ असते. या ओळीतले इलेक्ट्रॉन एका जागी बांधलेले नसतात, ओळभर फिरतात. ओळ जितकी लांब, तितक्या कमी ऊर्जेचा प्रकाश त्यांना हलवायला पुरतो. सुरुवातीच्या फायटोईन या रेणूत अशा ३ बंधांचीच ओळ असते, म्हणून तो रंगहीन. पेशीतली एन्झाइम्स पायरीपायरीने ती ओळ वाढवत नेतात, मधल्या टप्प्यावर फिकट पिवळा येतो, आणि ११ बंध झाले की टोमॅटोतलं लाल लायकोपीन तयार.

पण जो इलेक्ट्रॉन सहज हलतो तो ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांच्याही सहज हाती लागतो. रंगाला रंगपण देणारा गुणच त्याला उडवतोही. बऱ्याच कृत्रिम रंगांत ही ओळ बेंझिनच्या मजबूत कड्यांमध्ये धरून ठेवलेली असते, म्हणून ते जास्त तग धरतात. सूक्ष्मजीवांच्या रंगांची निम्मी रडकथा इथेच सुरू होते.

कॅरोटिनॉइडपासून सुरुवात करते, कारण उद्योगात सर्वांत यशस्वी झालेलं हे घराणं आहे. जून २०२० मध्ये, लॉकडाउनच्या दिवसांत, बुलडाण्याच्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झाल्याचे फोटो सगळीकडे फिरले होते. त्या पाण्याचे नमुने ज्यांनी तपासले त्यांत आपल्या पुण्यातली आघारकर संशोधन संस्थाही होती (आगरकर रस्त्यावरची आघारकर संस्था, नवख्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो). नमुना स्थिर ठेवला की गुलाबीपणा तळाशी बसायचा आणि वरचं पाणी नितळ व्हायचं. म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला नव्हता, तो पाण्यातल्या जिवांच्या अंगात होता. मीठ मानवणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव तिथे प्रचंड वाढले होते. उन्हाळ्यात पाणी आटतं, खारटपणा चढतो, ऊन थेट अंगावर येतं. अशा वेळी हे जीव गुलाबी-लाल कॅरोटिनॉइड अंगात भरून घेतात. प्रखर प्रकाशामुळे पेशीत जे घातक, अतिक्रियाशील रेणू तयार होतात, त्यांना हे रंग निष्प्रभ करतात. उन्हात बाहेर पडताना आपण डोक्याला ओढणी गुंडाळतो, तसंच हे.

मिठागरं असलेल्या किनाऱ्यावर हाच रंग फुकटात कामाला लागतो. मीठ धरायच्या आधी खाचरातलं पाणी गुलाबी होतं. गडद पाणी उन्हाची उष्णता जास्त शोषतं आणि बाष्पीभवनाचा वेग वाढतो. सूक्ष्मजीवांच्या रंगाचा औद्योगिक वापर म्हणून हे मला फार आवडतं, कारण यात रंग कुणी वेगळा काढत नाही, विकत नाही, तरी तो काम करून जातो.

खारट पाण्यातच वाढणारं डुनालिएला सॅलिना हे एकपेशीय शैवाल मात्र मुद्दाम पिकवतात. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला हट लगून नावाच्या गुलाबी खाजणाशेजारी त्याची उथळ तळी आहेत. मीठ वाढवायचं, नायट्रोजन कमी करायचा, ऊन भरपूर मिळू द्यायचं. शैवालाची उपासमार होते, वाढ थांबते आणि ते बीटा-कॅरोटीन साठवू लागतं, कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत. मार्जरीन, शीतपेयं, व्हिटॅमिनच्या कॅप्सूल अशा ठिकाणी हा केशरी रंग जातो. तोच रंग ब्लेकस्लिया ट्रायस्पोरा या बुरशीकडूनही मिळतो, आणि तिचं वागणं ऐकण्यासारखं आहे. या बुरशीचे प्लस आणि मायनस असे दोन प्रकार असतात. वेगवेगळे वाढवले तर रंग बेताचाच मिळतो. एकाच टाकीत एकत्र वाढवले की दोघं मिळून ट्रायस्पोरिक आम्ल नावाचा संदेश तयार करतात, मीलनाची तयारी सुरू होते आणि कॅरोटीन कितीतरी पटींनी वाढतं. कारखान्यात म्हणूनच दोन्हींचं विरजण एकत्र घालतात.

भिगवणला थंडीत रोहित पक्षी बघायला आपण पहाटे उठून जातो. त्यांचा गुलाबी रंगही त्यांचा स्वतःचा नसतो. शैवालं आणि शैवाल खाणारे बारीक जीव त्यांच्या पोटात जातात आणि तिथून कॅरोटिनॉइड पिसांत उतरतो. सॅमन माशाचंही तसंच. समुद्रात तो रंगीत कोळंबीवर्गीय जीव खातो, म्हणून त्याचं मांस केशरी. पिंजऱ्यात पाळलेल्या सॅमनला नुसतं साधं खाद्य दिलं तर मांस फिकट करडं राहतं आणि गिऱ्हाईक हात लावत नाही. म्हणून खाद्यात ॲस्टाझँथिन नावाचं लालसर कॅरोटिनॉइड घालतात. बहुतांश ॲस्टाझँथिन आजही रासायनिक पद्धतीने बनतं, पण हेमॅटोकॉकस हे शैवाल आणि फाफिया हे यीस्ट यांच्याकडूनही ते काढतात. हेमॅटोकॉकस एरवी हिरवंगार असतं. ऊन वाढलं, अन्न संपलं की जाड कवच चढवून गोल होतं आणि डाळिंबी लाल रंगाने भरून जातं. शैवालाचं ॲस्टाझँथिन महाग पडतं, म्हणून ते मुख्यतः माणसांच्या पूरक गोळ्यांत आणि त्वचेच्या क्रीममध्ये जातं. ओढणीची उपमा इथे पुन्हा लागू पडते. उन्हापासून वाचवायला केलेला रंग शेवटी वाचवण्याच्या कामासाठीच विकला जातो, आणि चरबीत विरघळत असल्यामुळे तेल-लोण्याच्या पदार्थांत तो मुरतो.

पिवळ्या रंगाचं थोडक्यात सांगते. चक्का टांगल्यावर खाली गळणारी निवळी किंचित हिरवट-पिवळी दिसते, ती रायबोफ्लेविनमुळे. हेच बी-२ जीवनसत्त्व. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळीजर्द होते, तीही याच्यामुळेच. प्रत्येक सजीव पेशीला ऊर्जेच्या व्यवहारासाठी ते लागतं, रंग हा फक्त त्याचा जोडगुण. एकेकाळी ते रासायनिक पायऱ्यांनी बनवत. आज जगातलं जवळपास सगळं रायबोफ्लेविन फर्मेंटरमध्ये, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायच्या टाकीत, तयार होतं, ॲशबिया गॉसिपी ही बुरशी आणि बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू यांच्याकडून. ॲशबिया मुळात कपाशीवर रोग पाडणारी बुरशी, कपाशीचं लॅटिन नाव तिच्या नावातच आहे. कापूसवाल्याच्या शत्रूने औषधवाल्याचं भलं केलं.

निळा रंग अन्नात आणणं सर्वांत अवघड. निसर्गात खाता येईल असा निळा फारच थोडा. स्पिरुलिना नावाने आपण ज्याची पावडर ओळखतो त्या नील-हरित जिवाणूत फायकोसायनिन हे मोरपंखी निळं रंगद्रव्य असतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये ते गोळ्या-चॉकलेट आणि च्युइंगगममध्ये वापरायला परवानगी दिली. पण त्याच्या मर्यादा बघा. फायकोसायनिनचं काम कॅरोटिनॉइडच्या उलट आहे. प्रकाश अडवायचा नाही, पकडून प्रकाशसंश्लेषणाकडे पोचवायचा. त्यासाठी रंगाचा रेणू एका प्रथिनाच्या घडीत नेमक्या पद्धतीने बसवलेला असतो. प्रथिन म्हटलं की अंड्याचा पांढरा भाग आठवावा. गरम केलं की घडी मोडते, लिंबू पिळलं की मोडते. उकळत्या पाकात फायकोसायनिन घातलं तर निळा रंग जातो, आंबट सरबतातही साधं फायकोसायनिन टिकत नाही. थंड, आंबट नसलेल्या किंवा कोरड्या पदार्थांत तो चालतो. म्हणजे आइस्क्रीम चालेल, जिलबी नाही.

मात्र हीच नाजूक घडी वैद्यकीय प्रयोगशाळेत सोन्याच्या मोलाची ठरली. प्रकाश पकडून पुढे द्यायचं काम अर्धवट तोडलं की तो प्रकाश दुसऱ्या रंगात लखलखून बाहेर पडतो. लाल शैवालांतलं फायकोएरिथ्रिन हे याच घराण्यातलं. त्याला प्रतिपिंड (ठरावीक पेशींनाच चिकटणारं प्रथिन) जोडला की रक्तातल्या ठरावीक पेशी चमकतात आणि यंत्र त्या मोजतं. एचआयव्हीच्या रुग्णांच्या रक्तातल्या सीडी-४ या पांढऱ्या पेशींची मोजणी अशा रंगांच्या जोरावर होते. किलोंनी विकायचा रंग आणि मिलिग्रॅमने विकायचा रंग यांचं गणितच वेगळं. मिलिग्रॅमच्या बाजारात नाजूकपणा माफ असतो.

आता ज्या रंगाबद्दल मला मनापासून सावध करावंसं वाटतं तो लाल रंग. चीनमध्ये शेकडो वर्षं तांदूळ शिजवून त्यावर मोनॅस्कस ही बुरशी वाढवतात. दाणा आतपर्यंत गडद लाल होतो. हा तांदूळ मांसाला, टोफूला, मद्याला रंग द्यायला वापरतात, औषध म्हणूनही. १९७९ मध्ये जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी मोनॅस्कसमधून मोनॅकोलिन-के वेगळं केलं. कोलेस्टेरॉल कमी करणारं लोवास्टॅटिन हे औषध म्हणजे तोच रेणू. इथवर सगळं उत्तम. पण या बुरशीत जिवाणूंना मारणारा एक पदार्थ सापडला होता आणि त्याला मोनॅसिडिन असं नाव दिलं गेलं होतं. १९९५ मध्ये सिद्ध झालं की तो पदार्थ म्हणजे सिट्रिनिन, मूत्रपिंडाला घातक असलेलं बुरशीचं विष. तांदळाच्या दाण्यावर आपली जागा राखायला बुरशीने शस्त्र तयार केलं होतं, आणि रंगाबरोबर तेही आपल्या ताटात येत होतं.

उपाय निघाले. सिट्रिनिन न बनवणारे वाण शोधायचे, बनवणारी जनुकं काढून टाकायची, प्रत्येक घाण्याची तपासणी करायची. तरीही युरोप आणि अमेरिकेत मोनॅस्कसच्या रंगाला अन्नरंग म्हणून मान्यता नाही. आणि २०२४ मध्ये जपानमध्ये याच लाल तांदळाच्या पूरक गोळ्यांनी माणसं आजारी पडली. तिथे दोष मोनॅस्कसचा नव्हता. कारखान्यात शिरलेल्या पेनिसिलियम जातीच्या दुसऱ्या बुरशीने तयार केलेलं प्युबेरुलिक आम्ल गोळ्यांत आढळलं. "नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक" असं कुणी म्हणालं की मला हा तांदूळ आठवतो. फर्मेंटेशनमध्ये शुद्धता ही रोज सांभाळायची गोष्ट आहे, एकदा प्रमाणपत्र घेऊन भिंतीवर टांगायची नाही.

अर्थात दुसऱ्या बाजूलाही आलबेल नाही. एरिथ्रोसिन, ज्याने केकवरच्या चेरी लालभडक होतात, त्याची अन्नातली मान्यता अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये काढून घेतली. आपल्याकडे २०२४ मध्ये तमिळनाडू आणि कर्नाटकात म्हातारीच्या केसांमध्ये रोडामाइन-बी हा कापडाचा रंग सापडल्यावर कारवाई झाली. मंडई-तुळशीबागेत लहान मूल ती गुलाबी पिशवी मागतं, तेव्हा त्या रंगाचा उगम विचारायची सोय नसते. सूक्ष्मजीवांच्या रंगांना मागणी वाढते ती अशा बातम्यांमुळे.

आणि आता काकूंची साडी.

मोरीतल्या त्या सेराशियाच्या लाल रंगाचं नाव प्रोडिजिओसिन. १८१९ मध्ये इटलीत पादुआजवळच्या एका गावात मक्याच्या लापशीवर रक्तासारखे डाग पडले आणि लोक हादरले. बार्तोलोमिओ बिझिओ या औषधनिर्मात्याने ओल्या-उबदार जागी तसेच डाग पुन्हा उगवून दाखवले आणि हा चमत्कार एका सूक्ष्म जिवाचा आहे हे मांडलं. सेराशिया हे नाव त्यानेच दिलं. वर्गात मी हा जिवाणू दोन प्लेट्सवर लावते. एक २८ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये, दुसरी ३७ अंशांच्या. दुसऱ्या दिवशी पहिली कुंकवासारखी लाल, दुसरी पांढरट. जिवाणू तोच, पण रंग जोडणारं शेवटचं एन्झाइम उष्णतेत काम करत नाही. माणसाच्या अंगात शिरल्यावर तो रंगाविना वावरतो, म्हणून पूर्वी त्याला निरुपद्रवी समजत. तसा तो नाही. रुग्णालयात नळ्या लावलेल्यांना आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यांना तो त्रास देऊ शकतो. काकूंना मी आधी तेच सांगितलं: कोपरा घासा, कोरडा ठेवा, लेन्सची डबी मोरीत ठेवू नका.

प्रोडिजिओसिन हे बहुधा शेजाऱ्यांना रोखायचं हत्यार. काही जिवाणू आणि बुरशी त्याने मरतात. म्हणून खाण्यात त्याचा विचार नको. पण कापडात हाच गुण हवासा वाटतो: रंग आणि जंतुरोधकपणा एकाच वेळी. क्रोमोबॅक्टेरियम या जिवाणूचा जांभळा व्हायोलासिनही तसाच. रेशीम, लोकर, नायलॉन यांवर तो छान चढतो. पाण्यात न विरघळणारे हे रंग अल्कोहोलने पेशीतून काढून घेतात, त्यात जिवाणूही मरतो.

दुसरी वाट जनुकांची. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी नॅप्थलिन पचवणाऱ्या जिवाणूचं जनुक ई. कोलाय या जिवाणूत घातलं आणि वसाहती चक्क निळ्या झाल्या. नीळ तयार झाली होती, जीन्सला लागते तीच. १८९७ मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली आणि आपल्याकडची निळीची शेती बुडाली, म्हणून निळीची कुठलीही नवी गोष्ट मी लक्ष देऊन वाचते. पण जिवाणूने नीळ केली तरी एक अडचण उरतेच. नीळ पाण्यात विरघळत नाही. कापडात शिरण्यासाठी तिचं रासायनिक क्षपण करून, म्हणजे तिला इलेक्ट्रॉन देऊन, रंगहीनसर रूप करावं लागतं आणि त्यासाठी सोडियम हायड्रोसल्फाइट वापरतात. सांडपाण्याचा मोठा त्रास त्यातून होतो. जुने रंगारी हेच क्षपण माठातल्या जिवाणूंकडून आंबवून करून घेत. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी निळीच्या आधीच्या रेणूला ग्लुकोजची टोपी घातली. टोपी असेपर्यंत तो विरघळलेला राहतो, कापडात शिरल्यावर एन्झाइमने टोपी काढायची की तिथेच निळा होतो. निळीचं झाडही पानात असंच करतं.

इंग्लंडमधली कलरिफिक्स ही कंपनी वेगळ्या दिशेने गेली आहे. रंग काढून, गाळून, सुकवून विकायचाच नाही. रंगवाले सूक्ष्मजीवच कापडाबरोबर डाइंगच्या यंत्रात घालायचे, मग उष्णतेने पेशी फोडायच्या आणि रंग तिथेच बसवायचा. मला हा विचार फार समंजस वाटतो. कारण सूक्ष्मजीव वाढवणं त्यामानाने सोपं, खर्च येतो तो रंग वेगळा काढताना. मळी, गव्हाचा कोंडा, निवळी असं स्वस्त खाद्य देता येतं. आपल्या साखरपट्ट्यात मळीला तोटा नाही. पण शंभर लिटर टाकीतल्या पाण्यातून मूठभर रंग काढायचा, पेशी फोडायच्या, द्रावक परत मिळवायचं, यातच नफा निघून जातो. इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेसवाल्याला कृत्रिम रंगाच्या भावाशी तुलना करायची असते, आणि ती तुलना आज बहुतेक सूक्ष्मजीवी रंग हरतात.

रंग करणारा नवा जीव कुठे शोधायचा, असा प्रश्न मुलं विचारतात. मी त्यांना पाषाण रस्त्यावर नेते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. काचेच्या छोट्या कुप्यांत गोठवून सुकवलेले हजारो वाण तिथे झोपलेले असतात. उद्योग आणि महाविद्यालयं वाण तिथून विकत घेतात, आम्हीही घेतो.

मागच्या वर्षी मुलांनी प्रोडिजिओसिनच्या अर्कात रेशमाची एक पट्टी बुडवली. सुरेख राणी रंग आला. अर्धी पट्टी काळ्या कागदात गुंडाळून गच्चीवर आठवडाभर उन्हात ठेवली, आणि दुसरा एक तुकडा कपडे धुण्याच्या साबणात घातला. साबणात तो केशरीकडे वळला. पांढऱ्या शर्टावरचा हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो, तसाच हा आम्ल-अल्कलीचा खेळ. उन्हातली उघडी बाजू फिकट पडली, कागदाखालची जशीच्या तशी.

ती पट्टी मी काकूंना दाखवली. त्यांनी दोन्ही अर्ध्यांवरून बोट फिरवलं, झाकलेल्या बाजूवर थांबल्या आणि म्हणाल्या, "एवढी बाजू टिकवता आली की मला सांग."